लाल फिल्टर आणि काळी पेटी

हे तो लिहून ठेवणारच नव्हता. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा पुसून टाकली. एअर फिल्टरवर लिहिणार काय? गाडीच्या नाकात बसवायची जाळी, धूळ अडवते, विषय संपला. शिवाय दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचं बोलणं टाईप करून बोटं आखडलेली असतात, घरी येऊन पुन्हा आपलंच टाईप करत बसायला माणूस जरा वेडाच लागतो. पण रविवारी जे झालं ते आत्ता लिहिलं नाही तर महिन्याभरात आपणच त्यातलं निम्मं बदलून टाकू, आणि त्यात आपण होतो त्यापेक्षा शहाणे होऊन बसू, अशी त्याला भीती वाटली. म्हणून मग जसं आठवतं तसं, मधेच उठून पाणी पिऊन येत, परत बसत, त्याने लिहायला घेतलं.

सुरुवात गुरुवारी सिग्नलला झाली. हिरवा लागला, त्याने पाय दाबला आणि बॉनेटखालून असा काही आवाज आला की शेजारच्या स्कूटरवरच्या बाईने मान वळवून बघितलं. गाडीकडे नाही, थेट त्याच्या तोंडाकडे, जणू तोच काहीतरी वावगं बोलला. तो ओशाळला आणि त्याच वेळी त्याच्या मानेवर आनंदाने काटा आला. गाडी म्हणजे एकोणीस वर्षांची फिकट निळी छोटी गाडी, मागच्या दाराला पोचा, आणि तिच्या पोटात आता दुसऱ्याच एका दांडग्या गाडीचं इंजिन. ते इंजिन भंगारातून उचलून बसवायला त्याला आणि त्याच्या दोस्ताला पाच महिन्यांचे रविवार लागले. दोस्त मेकॅनिक आहे, पण साध्या नटबोल्टवरूनही इतका वाद घालतो की सगळे त्याला वकीलच म्हणतात. जुन्या गाडीची हवेची पेटी नव्या इंजिनाला बसेना, म्हणून वकिलाने गॅरेजमधला एक लाल, उघडा, शंकूसारखा फिल्टर तात्पुरता अडकवून दिला होता आणि सांगितलं होतं, 'दोन दिवस चालव, मग ठरव काय बसवायचं ते.' रात्री गाडी गॅरेजमध्येच राहायची, घरी त्याने ती अजून नेलीच नव्हती. आणि हा तात्पुरता फिल्टर सिग्नलला बोलला. काय बोलला? ऑफिसात पोचेपर्यंत तो तेच शोधत होता. जाड घोंगडी एका झटक्यात फाडावी तसं? नाही. घोंगडी फाटताना वर बारीक चरचर असते, इथे नुसतं खालचं, खोल, पोटातलं होतं. दार बंद असलेल्या खोलीत कुणीतरी मोठा माणूस झोपेत कूस बदलतो तसं? जवळपास.

शब्द शोधणं हे त्याचं कामच. टीव्हीवरच्या कार्यक्रमांना, सिनेमांना तो खालच्या ओळी टाईप करतो, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. माणसं बोलतात ते तर लिहायचंच, शिवाय आवाज कंसात टाकायचे. (दार आपटतं). (लांबून कुत्रं भुंकतं). (ती हुंदका आवरते). कुठे शिकला नाही तो हे, असंच करत करत आलं. वकील त्याला कंसराव म्हणतो. त्या गुरुवारी कंसरावांच्या लक्षात आलं की गेल्या चार वर्षांत आपण कुठल्याही गाडीला एकच कंस दिलाय : (गाडीचा आवाज). पळणाऱ्या चोराची गाडी, नवरीची गाडी, मेलेल्या म्हाताऱ्याची गाडी, सगळ्यांना तोच. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि हसूही आलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, 'एकटाच काय हसतोयस?' तो म्हणाला, 'काही नाही, गाडीचा आवाज.' ती म्हणाली, 'बरं आहे ना तुला?'

पण हसण्याच्या खाली एक खडा होता, बुटात असतो तसा. आवाज त्याला कितीही आवडू दे, गाडी त्याची नव्हती. गाडी बाबांची होती. बाबांनी आगीचा बंब चालवला एकतीस वर्षं, आणि निवृत्त होताना स्वतःसाठी घेतलेली एकुलती एक वस्तू म्हणजे ही निळी गाडी. ती चालायची कशी तर मुंगी चालल्यासारखी. बंबाच्या घंटेखाली आयुष्य काढलेल्या माणसाने मुद्दाम गुपचूप गाडी घेतली असणार, असं त्याला नेहमी वाटायचं. मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बाबांनी किल्ली टेबलावर त्याच्या कपाशेजारी ठेवली. 'आता तू चालव.' एवढंच. त्याची छाती फुगली. माणूस मोठा झाला की असं होतं, असं त्याला वाटलं. आणि तीन महिन्यांत त्या मोठ्या झालेल्या माणसाने घाटात इंजिन मारलं. एकटाच होता, काचा वर, गाणी इतक्या मोठ्याने की आरसा थरथरत होता, आणि तापमानाचा काटा लाल रेघेवर केव्हा गेला ते त्याला पांढरी वाफ काचेवर आल्यावर कळलं. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं होतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने घरी फोन केला, बाबांनी उचलला, त्याने सगळं भडाभडा सांगितलं आणि पलीकडे काहीच नाही. मग बाबा म्हणाले, 'थांब, आईला देतो.' बस. त्या तीन शब्दांनी त्याला पुढचे कितीतरी महिने खाल्लं. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, 'तुला लागलं नाही ना?' आणि त्यानंतर गाडी हा विषय घरातून उठला. गाडीवर कापड पडलं, ते वर्षाहून जास्त तसंच राहिलं. मग पाच महिने तो रविवारी ग्रीस माखून घरी यायचा, बाबा एकदाही गॅरेजमध्ये आले नाहीत, एकदाही विचारलं नाही की कुठवर आलं. जेवताना ते टीव्हीकडे बघत असायचे. खालच्या ओळी नेहमी चालू. आई म्हणायची, 'अहो, त्या ओळींनी माणसांच्या हनुवट्या झाकतात, बंद करा.' बाबा म्हणायचे, 'राहू दे, पोराचं काम आहे ते.' त्याने न लिहिलेल्या कार्यक्रमांनाही राहू दे. बातम्यांनाही. तेवढाच त्याला आधार होता. गाडीचं माफ केलं नसलं तरी कामाचं कौतुक आहे.

म्हणजे हवं होतं ते एवढंच : बाबांनी पुन्हा त्या गाडीत बसावं. नुसतं शेजारी नाही, चाकामागे. आणि त्याच्या डोक्याने पक्कं घेतलं होतं की ते तेव्हाच होईल जेव्हा गाडी पहिल्यासारखी वाजेल. त्याच्या फोनमध्ये आईच्या वाढदिवसाचा एक व्हिडिओ होता, त्यात मागे अकरा सेकंद बाबा गाडी लावतायत. जुनं इंजिन, शिवणयंत्रासारखं बारीक, टिकटिकणारं. हे अकरा सेकंद त्याने कानात घालून शंभरदा ऐकले असतील. शनिवारी दुपारी वकिलाच्या गॅरेजमध्ये गेला तेव्हाही एका कानात तेच चालू होतं.

टेबलावर फडकं पसरून वकिलाने तीन वस्तू मांडल्या होत्या, पुरावे मांडावेत तशा. एक, ज्या दांडग्या गाडीतून इंजिन आलं तिची मूळ काळी पेटी, आत घड्या घातलेला कागदी फिल्टर. दोन, करड्या फोमचा डबा. तीन, तो लाल शंकू, तेल लावलेल्या सुती कापडाचा, धुऊन परत वापरायचा.

'आता ऐक,' वकील म्हणाला. 'पेटी बसवायची तर बॅटरी उचलून मागे न्यावी लागेल. मी नेतो, पण कुरकुर करत नेणार. फायदा काय? गार हवा, स्वच्छ हवा, गप्प गाडी. हा फोम मधला, ना घर का ना घाट का. आणि हा लाल. हा बॉनेटमधली गरम हवा ओढतो, त्यामुळे ताकद वाढते म्हणणाऱ्यांना मी इथून हाकलतो. शिवाय धुतल्यावर तेल जास्त लावलंस तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जातं आणि गाडी खोकत बसते. पण.'

'पण काय?'

'पण तू गुरुवारपासून तोंडभर हसतोयस, ते बघतोय मी.'

'पेटी,' तो म्हणाला.

'काय?'

'काळी पेटी बसव. गाडी गप्प पाहिजे.'

वकिलाने त्याच्याकडे असं पाहिलं जसं कुणी भरल्या ताटावरून उठलं. 'अरे, पाच महिने मान मोडून हे धूड तू त्या डबीत कोंबलंस आणि आता त्याच्या तोंडावर उशी दाबतोस?'

'बाबांना तसं लागेल.'

'काकांना विचारलंस?'

नव्हतं विचारलं. विचारायचं म्हणजे विषय काढायचा, आणि विषय काढायचा म्हणजे 'थांब, आईला देतो' हे पुन्हा ऐकायची तयारी ठेवायची. वकिलाला वाद घालायला समोर वाद लागतो, गप्प माणसापुढे त्याचं काही चालत नाही. त्याने बॅटरी उचलली, कुरकुर करत.

रविवारी सकाळी शेवटचा पाईप त्याने स्वतःच्या हाताने जोडला. पेटीपासून सेन्सरपर्यंतचा रबरी पाईप, वर आवळायचा क्लॅम्प. वकील चहा आणायला गेला होता आणि तेवढं आपण करावं, बाबांची गाडी आहे, असं त्याला वाटलं. स्क्रू पिळला, पाईप हलवून बघितला, घट्ट. गाडी चालू केली. वा. इतकी गप्प की चालू आहे का बंद ते बघायला बॉनेटवर हात ठेवावा लागला. अकरा सेकंदांच्या व्हिडिओशी जुळवून बघितलं, जुळत नव्हतं, पण भांडतही नव्हतं. मग तो घरी निघाला.

पहिल्या मजल्यावरची त्यांची खिडकी उघडी होती. बाबा नेहमीच्या खुर्चीत, पेपर वर, फक्त टक्कल आणि बोटं दिसत होती. त्याने गाडी बरोबर खिडकीखाली आणून उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. वाट बघितली. पेपरचं पान उलटलं. त्याने हलकेच ॲक्सिलरेटर दिला, म्हणजे बघा, अशा हिशोबाने. आई खिडकीत आली, तिने हात केला, तोंडभर हसली. बाबांनी मान वर केली नाही. दुसरं पान. वीस फुटांवर, उघड्या खिडकीखाली, जवळजवळ दोन वर्षांनी गाडी चालू होऊन उभी आहे आणि माणूस पेपर वाचतोय. म्हणजे नाहीच. म्हणजे इंजिन बदललं, बॅटरी हलवली, आवाज गिळला, तरी नाहीच. रागाने नाही म्हणता येणार, पण लहान मूल दुर्लक्ष झाल्यावर वस्तू आपटतं तसा त्याने पाय एकदा पुरता दाबला.

फट्.

आणि मग तो आवाज. गुरुवारचा, पण त्याच्या तिप्पट. पाईप निघाला होता. सेन्सरच्या तोंडाशी एक उंचवटा असतो, कड्यासारखा. क्लॅम्प त्याच्या पुढे घ्यायचा असतो, त्याने घेतला होता अलीकडे, अगदी ओठावर. आता इंजिन पेटी सोडून मोकळ्या तोंडाने हवा ओढत होतं आणि ती पोटातली खोल गर्जना भिंतीवर आदळून परत येत होती. त्याने घाबरून पाय काढला. वर बघितलं तर पेपर खाली होता. बाबा उभे होते. मग खिडकीत नव्हते. मग जिन्यात चपला वाजल्या, त्या वयाच्या माणसाच्या मानाने फारच भराभर.

बाबा गाडीपाशी आले, त्याच्याकडे न बघता बॉनेटवर तळवा टेकवला. ही त्यांची जुनी सवय, गाडी चालू असली की हात ठेवायचे, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

'परत कर,' ते म्हणाले.

'बाबा, पाईप निघालाय, फिल्टरच नाही मधे...'

'परत कर म्हणतो ना.'

त्याने केलं. बाबांनी डोळे मिटले. आणि मग हात उचलला. बॉनेटपासून वीतभर वर धरला, मग खिशात घातला, आणि तसेच उभे राहिले, डोळे मिटून, कुठेही न टेकता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला कंस नाही.

'ऐकू येतंय,' बाबा म्हणाले.

'काय?'

'हे. ऐकू येतंय मला.' जरा मोठ्यानेच म्हणाले. त्याला एकदम जाणवलं, बाबा गेली कित्येक वर्षं जरा मोठ्यानेच बोलतात.

वरून आई म्हणाली, 'सांगून टाका आता. का मीच सांगू?'

बाबा गाडीला टेकले. 'बारीक आवाज गेले रे माझे,' ते म्हणाले. 'घंटेने खाल्ले. बंबावर असतानाच सुरुवात झाली होती. खालचे, जाड आवाज येतात. पण ही गाडी शेवटची दोन-तीन वर्षं मला ऐकूच यायची नाही. पायाला थरथर लागायची त्यावर गिअर टाकायचो. एक दिवस चालू गाडीला परत किल्ली मारली. करकर झाली म्हणे, मला कुठे कळलं, लोक बघायला लागले तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग किल्ली तुझ्या कपापाशी ठेवली.'

'मला वाटलं...' तो म्हणाला. फोन. थांब, आईला देतो. त्या घाटातल्या वाऱ्यात, भडाभडा बोलताना, त्यातला एक शब्द तरी त्यांच्यापर्यंत पोचला असेल? आणि टीव्ही. बातम्यांच्या खालच्या ओळी. राहू दे, पोराचं काम आहे. चार वर्षं तो ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी टाईप करत होता आणि त्यांच्यातला एक समोर बसून, भाकरी मोडत, त्याच्या मजकुराची वाट बघत होता. त्याला हसावं की डोकं आपटावं कळेना. त्याने हसणं घेतलं.

पण बाबांचं अजून व्हायचं होतं. 'आणि ते पंपाचं. तुझ्या आईने सांगितलं, बेअरिंग गेलं होतं. बेअरिंग असं एका दिवसात जात नाही. आधी महिनोन्महिने किंचाळतं, बारीक. एकतीस वर्षं गाड्या हाकल्या मी, मला ते ऐकू यायला हवं होतं. तुला आजारी गाडी दिली मी, न सांगता. तू पाच महिने खपत होतास आणि मला गॅरेजमध्ये यायला तोंड नव्हतं.'

'बाबा,' तो म्हणाला, 'मी गाणी लावली होती. इतक्या मोठ्याने की आरसा हलत होता. किंचाळत असेल तर मी ऐकलं कुठे?'

म्हणजे त्या इंजिनाचा जीव दोघांनी मिळून घेतला होता आणि दोघंही एकेकटे सुतक पाळत होते.

'छान,' आई वरून म्हणाली. 'एक खरा बहिरा आणि एक हौसेने बहिरा. मधे मी.'

पाईप परत बसवताना बाबांनी स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातून काढून घेतला, क्लॅम्प उंचवट्याच्या पुढे सरकवला आणि पिळला. 'हे कुणी शिकवलं तुला, असं ओठावर लावायला?' पाच महिन्यांतलं, नव्हे दोन वर्षांतलं, गाडीबद्दलचं पहिलं रागावणं. त्याला इतकं बरं वाटलं की आणखी एखादी चूक दाखवावी असं वाटलं.

मग दुपारी गॅरेजच्या मागच्या मोकळ्या पटांगणात जे झालं ते म्हणजे कोर्टच. वकिलाला सकाळची हकीकत कळली तेव्हा त्याने आधी कपाळावर हात मारला. 'नागड्या तोंडाने इंजिन फिरवलंस? अंगणात? धुळीत? काका, हा तुमचा मुलगा आहे म्हणून सोडतो.' मग तो मुद्द्यावर आला. काळी पेटी लावून गाडी चालू केली. बाबा दहा पावलांवर पाठ करून उभे. मानही हलली नाही. फोम लावला. बाबा म्हणाले, 'काहीतरी आहे. पण कुणी तोंडावर रुमाल धरून बोलतंय.' लाल लावला. बाबांचा हात वर गेला, शाळेत उत्तर येतंय तेव्हा जातो तसा, वकिलाने पाय पुरता दाबायच्या आधीच.

'काका, आवाज म्हणजे ताकद नव्हे,' वकील म्हणाला, कारण म्हटल्याशिवाय त्याला राहवत नाही. 'बॉनेटमधे हा गरम हवा खाणार.'

'मग गरम देऊ नकोस,' बाबा म्हणाले. 'आगीत शिरताना आम्ही तिथली हवा घ्यायचो का? बाहेरची पाठीवर बांधून न्यायचो. हिलाही बाहेरची आणून दे.'

वकिलाने मान्य केलं. हे त्याच्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. मग तो पत्रा शोधायला गेला. चार वाजेपर्यंत लाल फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये पत्र्याची वाकवलेली भिंत उभी राहिली आणि दिव्याच्या शेजारून एक जाड पाईप बाहेरची गार हवा घेऊन आत आला. पत्र्याची कड बाबांनी कानशीने घासली, बोट फिरवून बघितली, परत घासली. तो नुसता टॉर्च धरून उभा होता आणि टॉर्चची काही गरज नव्हती, ऊन चांगलं होतं.

आणि मग बाबा चाकामागे बसले. सीट पुढे घेतली, आरसा फिरवला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. तो वकिलाशेजारी भिंतीपाशी उभा राहिला. पटांगण रिकामं होतं, एका कोपऱ्यात टायरांची चळत, दुसऱ्या कोपऱ्यात काहीच नाही. गाडी निघाली. पहिला गिअर, आवाज चढला, चढला, आणि जिथे बदलायला हवा बरोबर तिथे दुसरा. परत चढला, तिसरा. नेमका. पायाच्या थरथरीवर नव्हे, कानावर. वळताना पाय काढला की आवाज पाण्यात उतरल्यासारखा खाली जायचा, सरळ झालं की वर यायचा, आणि बाबा मुद्दाम काढत होते आणि मुद्दाम देत होते, हे त्याला तिथूनही कळत होतं. नुसती चव घेत होते. दुसऱ्या फेरीला खिडकीतून कोपर बाहेर आलं. त्याने ते कोपर लहानपणी बंबाच्या खिडकीत, खालून, फार उंचावर बघितलेलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी त्याला खदखदून हसू येत होतं, आणि हे दोन्ही एकदम होऊ शकतं हे त्याने आजवर दुसऱ्यांच्या तोंडी फक्त टाईप केलं होतं.

वकिलाने त्याचा दंड धरला. 'ऐक. खूश झालास ना? आता ऐक. फिल्टर मी गाडीला बसवलाय, काकांना नाही. मागून कुणी हॉर्न दिला तर येतो का ऐकू? सायकलची घंटा? या पटांगणाच्या बाहेर त्यांना सोडायचं नाही कान तपासून घेतल्याशिवाय. यंत्र लावायचं म्हणाले तर लावायचं. नाही म्हणतील, चिडतील. तू मागे लागायचं.'

'उद्याच नेतो. सुट्टी टाकतो.'

'थांब, अजून आहे. यंत्र लागलं की काय होईल? सगळंच ऐकू येईल. मग हा लाल त्यांना नको होईल, डोकं उठेल त्यांचं. आणि मला माहीत आहे हा तुला किती आवडलाय ते. तेव्हा माझ्याकडे येऊन पळवाटा शोधायच्या नाहीत.'

गाडी तिसऱ्या फेरीला त्यांच्या दिशेने वळली. हे त्याच्या मनात आलं नव्हतं. म्हणजे आजचा हा आवाज, ज्याला तो गुरुवारपासून शब्द शोधतोय, दोन-चार आठवड्यांचाच पाहुणा असू शकतो. बुटातला खडा परत टोचला, पण बारका होता. समोरून कोपर येत होतं.

'ते नको म्हणाले की त्याच दिवशी काळी पेटी बसवीन,' तो म्हणाला. 'मी स्वतः. हा पत्रा मीच काढीन. आणि तोंड वाकडं करणार नाही.'

'काय?' वकील कानाशी हात नेत ओरडला, कारण गाडी आता अगदी जवळ आली होती आणि बाबांनी मुद्दाम, नक्की मुद्दाम, पाय दाबला होता.

'वचन!' तो त्या आवाजाच्या वरून बेंबीच्या देठापासून ओरडला. 'वचन देतोय, म्हटलं!'